हजरत सारा (अ.स.) यांची प्रतीक्षा

ईदुल-अजहा जवळ आली की आपल्या घराघरांत हजरत इब्राहीम (अलैहिस्सलाम) यांचे नाव निघते. मुलांना हजरत इस्माईल (अ.स.) यांच्या कुर्बानीचा प्रसंग सांगितला जातो, हजरत हाजरा (अ.स.) यांची सफा आणि मर्वा या टेकड्यांमधील धावपळ सांगितली जाते, हजहून कुणी आणलेले जमजमचे पाणी घोटभर का होईना सर्वांना वाटले जाते. या साऱ्या कथनात एक स्त्री मात्र दाराआडच राहते. त्या घरातील ती पहिली पत्नी. पतीबरोबर जन्मभूमी सोडणारी आणि त्याच्या एकाकी ईमानाला सर्वप्रथम साथ देणाऱ्यांपैकी एक. तिचा उल्लेख झालाच तर सवतीमत्सराच्या एखाद्या वाक्यापुरता होतो आणि कथा पुढे सरकते. वाचकहो, हजरत सारा (अ.स.) यांच्यावर हा मोठा अन्याय आहे. ज्या घरात अनेक वर्षे पाळणा हललेला नाही, त्या घरातील माणसांना या स्त्रीच्या आयुष्याची ओळख असणे फार गरजेचे आहे.

पवित्र कुरआनात त्यांचे नाव आलेले नाही. इब्राहीम (अ.स.) यांची पत्नी म्हणून त्या दोन ठिकाणी प्रत्यक्ष समोर येतात, सूरह हूदमध्ये आणि सूरह जारियातमध्ये. सहीह बुखारीतील दोन हदीसांत त्यांच्या आयुष्यातील दोन महत्त्वाचे प्रसंग आहेत. वयाचे आकडे आणि गावांची नावे प्रामुख्याने बायबलच्या उत्पत्ती या ग्रंथातून येतात. आपल्या भाष्यकारांनी आणि इतिहासकारांनी कुरआन-हदीसशी विसंगत नसलेला त्यातील तपशील माहितीदाखल घेतला आहे. इथेही त्याला तेवढेच स्थान आहे.

इराकच्या भूमीत, मूर्तिपूजक समाजात इब्राहीम (अ.स.) यांनी एकेश्वरत्वाची हाक दिली तेव्हा सख्खे वडीलही त्यांच्या विरोधात उभे राहिले. पुढे अग्निकुंडाचा प्रसंग घडला आणि अल्लाहच्या आज्ञेने आग शीतल झाली. हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यात फार शिरत नाही. एवढेच लक्षात घ्यावे की त्यांच्यावर ईमान आणणारी माणसे एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीही नव्हती. त्यांत पुतणे हजरत लूत (अ.स.) होते आणि पत्नी सारा होत्या. देश सोडण्याची वेळ आली तेव्हा या लहानशा जथ्याने इराक सोडला, हर्रानमार्गे शामच्या दिशेने प्रवास केला आणि कनान म्हणजे आजच्या पॅलेस्टाईनच्या भूमीत मुक्काम केला. उत्पत्तीच्या हिशेबाने हर्रान सोडताना इब्राहीम (अ.स.) 75 वर्षांचे होते आणि सारा 65 वर्षांच्या. पदरी मूल नव्हते.

यानंतरचा प्रसंग सहीह बुखारीत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून आलेला आहे. प्रवासात हे दांपत्य एका जुलमी राजाच्या मुलखात पोहोचले. इतिहासकार हा प्रसंग मिसरमधील मानतात. परदेशी माणसाबरोबर एक अत्यंत रूपवान स्त्री आली आहे, ही वार्ता राजाच्या कानी गेली. त्याने विचारणा केली तेव्हा इब्राहीम (अ.स.) यांनी ती आपली बहीण असल्याचे सांगितले, आणि साराला समजावले की श्रद्धेच्या नात्याने हे खरेच आहे, कारण या भूमीवर आपणा दोघांखेरीज ईमानवंत कोणी नाही. सारा यांना राजाकडे नेण्यात आले.

इथे क्षणभर थांबावे. परका देश, सत्तेच्या मस्तीतला पुरुष, पती महालाबाहेर आणि मदतीला कोणीही नाही. अशा क्षणी त्या स्त्रीने वुजू केली आणि नमाजला उभी राहिली. तिने अल्लाहला विनवले की माझे तुझ्यावर आणि तुझ्या प्रेषितावर ईमान असेल, मी माझे शील जपले असेल, तर या माणसाचा हात माझ्यापर्यंत पोहोचू देऊ नकोस. राजाचा श्वास तिथेच कोंडला, तो पाय झाडू लागला. आता हा मेला तर खुनाचा आळ आपल्यावर येईल, हे साराच्या ध्यानात आले. तिने त्याच्या सुटकेसाठीही दुआ केली आणि तो सुटला. पुन्हा त्याने तेच धाडस केले, पुन्हा तेच घडले. अखेर घाबरलेल्या राजाने तिला परत पाठवले आणि सोबत सेवेसाठी एक तरुणी दिली. तिचे नाव हाजरा. सारा परतल्या तेव्हा इब्राहीम (अ.स.) नमाजमध्ये उभे होते. त्यांनी हाताच्या खुणेनेच काय झाले ते विचारले.

मदरशात हा प्रसंग मी प्रथम शिकलो तेव्हा तो फक्त शीलरक्षणाचा प्रसंग वाटला होता. आज इमाम म्हणून, अपत्य नसलेल्या जोडप्यांच्या व्यथा ऐकून घेताना, त्याची दुसरी बाजू दिसते. सारा ही अशी स्त्री होती जिची दुआ उच्चारताक्षणी स्वीकारली गेली, एकदा नव्हे तर पुन्हापुन्हा. तरीही तिची कूस उजवायला कित्येक दशके लागली. ज्या रब्बने महालात क्षणाचाही विलंब लावला नाही, त्याच रब्बने घरात विलंब लावला. मूल होत नाही म्हणजे अल्लाह आपल्यावर रुष्ट आहे, आपल्या हातून काही पाप झाले असेल, दुआ वरपर्यंत पोहोचतच नाही, असे मनाशी घेऊन कुढणाऱ्या प्रत्येक भगिनीने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात.

कनानमध्ये परतल्यावर वर्षे जात राहिली. इब्राहीम (अ.स.) यांनी सदाचारी अपत्यासाठी केलेली प्रार्थना सूरह साफ्फातमध्ये आलेली आहे. त्यांना फक्त वंश चालवणारा मुलगा नको होता, आपल्यामागे तौहीदचा वारसा सांभाळणारे कोणीतरी हवे होते. सारा यांना हे ठाऊक होते. उत्पत्तीनुसार कनानमध्ये 10 वर्षे राहिल्यानंतर त्यांनी स्वतःच पुढाकार घेऊन हाजराला पतीशी विवाहबद्ध केले, आणि आपल्या इतिहासकारांनीही हा पुढाकार साराचाच असल्याचे लिहिले आहे.

हे मुद्दाम ठळकपणे सांगतो. मूल होत नाही म्हणून सुनेला माहेरी धाडणारी किंवा तिच्या उरावर दुसरी आणून बसवण्याची धमकी देणारी काही घरे या प्रसंगाचा दाखला देतात. त्यांनी तो नीट वाचलेला नाही. इथे ना सासूचा दबाव होता, ना पतीचा टोमणा, ना समाजाची कुजबुज. इब्राहीम (अ.स.) यांनी साराला तिच्या रिकाम्या कुशीबद्दल दूषण दिल्याचा एक शब्दही कुठे सापडत नाही. आणि हो, मूल होत नसेल तर तपासणी दोघांनीही करून घ्यावी. उपचार करून घ्या ही प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांची शिकवण आहे आणि ती केवळ स्त्रियांसाठी नाही.

हाजरा यांना पुत्र झाला, हजरत इस्माईल (अ.स.). बायबलच्या हिशेबाने तेव्हा इब्राहीम (अ.स.) 86 वर्षांचे होते. घरात आनंद आला आणि त्याच आनंदाबरोबर घराची घडी विस्कटली. मनाची तयारी करून, स्वतःच्या हाताने दिलेली गोष्ट डोळ्यांसमोर दुसऱ्याच्या मांडीवर खेळताना पाहणे किती कठीण असते, हे ज्याचे त्यालाच कळते. सारा यांना ते सोसवले नाही. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या हदीसमध्ये दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे इब्राहीम (अ.स.) आणि त्यांची पत्नी यांच्यात जे घडायचे ते घडले, एवढाच मोघम उल्लेख. दुसरी अशी की हाजरा यांनी कमरपट्टा बांधला, जेणेकरून त्याच्या टोकाने आपली पाऊलखूण पुसली जावी आणि साराला माग लागू नये.

काही वाअजांमधून या भांडणाची मोठी रसभरीत वर्णने ऐकायला मिळतात. कोणी काय शपथ घेतली, कोणी कोणाला काय केले, याची जणू प्रत्यक्ष पाहिल्यासारखी चर्चा होते. कुरआन मात्र या कलहाबद्दल पूर्ण मौन पाळतो. हदीस एका ओझरत्या वाक्यावर थांबते. ज्या घरातून पुढे प्रेषितांच्या दोन परंपरा निघाल्या, त्या घरातील दोन स्त्रियांच्या रागलोभावर अल्लाहने पडदा ठेवला. आपण शेजारच्या घरातील सासू-सुना, जावा-नणंदा यांच्या गोष्टी किती चवीने चघळतो, याचा विचार इथे मनात आल्यावाचून राहत नाही.

अल्लाहच्या आज्ञेने इब्राहीम (अ.स.) हाजरा आणि दूधपित्या इस्माईलला घेऊन निघाले आणि जिथे आज काबागृह आहे तिथल्या ओसाड खोऱ्यात, एका मोठ्या झाडापाशी, खजुरांची एक थैली आणि पाण्याची एक पखाल देऊन परतले. हाजरा यांनी मागोमाग येत विचारले की ही अल्लाहची आज्ञा आहे काय, आणि होकार मिळताच, तर मग तो आम्हाला वाया जाऊ देणार नाही, असे म्हणून त्या माघारी वळल्या. पुढची धावपळ, जमजम, जुरहुम कबिल्याचे येणे हा सारा इतिहास आपण जाणता. हाजराच्या भरवशाला तोड नाही. पण आज आपल्याला त्या खोऱ्यात थांबायचे नाही. मागे राहिलेल्या घरात जायचे आहे.

त्या घरात आता काय होते? सवत नव्हती. तिचे मूल नव्हते. ज्याच्या रडण्या-हसण्याने काळजाला डंख बसत होता ते तान्हुले शेकडो कोस दूर होते. साराला जे हवे होते असे आपल्याला वाटते, ते झाले होते. आणि तरीही पाळणा रिकामाच होता. हाजरा गेल्या म्हणून सारा आई झाल्या नाहीत. इस्माईल (अ.स.) दूधपिते होते ते वडिलांबरोबर चालण्या-फिरण्याजोगे झाले, कुर्बानीची महान कसोटी पार पडली. सूरह साफ्फातमध्ये या कसोटीच्या वर्णनानंतरच दुसऱ्या पुत्राची शुभवार्ता येते. उत्पत्तीच्या आकड्यांप्रमाणे दोन भावांच्या जन्मांत 14 वर्षांचे अंतर आहे. म्हणजे सवतीच्या जाण्यानंतरही सारा यांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली.

वाचकहो, माझ्या मते साराच्या आयुष्यातील सर्वात बोलका काळ हाच आहे, आणि नेमक्या याच काळाबद्दल ग्रंथ जवळजवळ गप्प आहेत. मत्सराचा एक मोठा भ्रम असतो. त्याला वाटते की समोरच्याच्या पदरात पडले ते माझ्याच वाट्यातून गेले. जावेला मुलगा झाला म्हणून माझी ओटी रिकामी राहिली, नणंदेचा संसार बहरला म्हणून माझा सुकला. सूरह शूरामध्ये अल्लाहने ही वाटणी आपल्या हाती ठेवल्याचे सांगितले आहे. तो इच्छितो त्याला मुली देतो, इच्छितो त्याला मुलगे देतो, कोणाला दोन्ही देतो आणि कोणाला निःसंतान ठेवतो. तो सर्व जाणणारा आणि सामर्थ्यवान आहे. मुलींचा उल्लेख आधी आला आहे हेही सुज्ञांनी लक्षात घ्यावे. या वाटणीत इस्माईलच्या जन्माने साराचे काही कमी झाले नव्हते आणि हाजराच्या जाण्याने त्यात काही भर पडणार नव्हती. तिचा वाटा अल्लाहपाशी आधीच वेगळा राखलेला होता, आणि तो त्याच्या ठरलेल्या वेळीच यायचा होता.

ती वेळ पाहुण्यांच्या रूपाने आली. अनोळखी माणसे दारी आली, सलाम केला. इब्राहीम (अ.स.) गुपचूप आत गेले आणि एक धष्टपुष्ट वासरू भाजून त्यांच्यापुढे ठेवले. पाहुण्यांचे हात अन्नाकडे जाईनात तेव्हा त्यांच्या मनात भीती उत्पन्न झाली. मग उलगडा झाला की हे फरिश्ते आहेत आणि लूत (अ.स.) यांच्या अपराधी समाजाकडे निघाले आहेत. सारा जवळच उभ्या होत्या. त्या हसल्या. का हसल्या, यावर भाष्यकारांची अनेक मते आहेत. भीती दूर झाल्याच्या सुटकेने, असे काही म्हणतात. अपराधी समाजाचा अंत जवळ आल्याचे ऐकून, असे इतर म्हणतात. त्या हसण्याबरोबरच त्यांना इसहाकची शुभवार्ता देण्यात आली, आणि इसहाकच्या पाठोपाठ याकूबची.

एका म्हाताऱ्या स्त्रीला एकाच वेळी पुत्र आणि नातू, दोघांची नावे सांगितली गेली. ज्या आईने इतका काळ वाट पाहिली, तिला मूल झाल्यावर ते जगेल ना, वाढेल ना, याची धास्ती किती असेल! अल्लाहने ती धास्ती उत्पन्न होण्यापूर्वीच मिटवून टाकली. मुलगा होईल, तो मोठा होईल, त्यालाही मुलगा होईल.

सारा यांची प्रतिक्रिया अगदी माणसासारखी आहे. सूरह जारियातमध्ये वर्णन आहे की त्या मोठ्याने उद्गार काढत पुढे आल्या, कपाळावर हात मारला आणि आपण वृद्ध आहोत, वांझ आहोत, असे म्हणाल्या. सूरह हूदमध्ये त्या पतीच्या वार्धक्याकडेही बोट दाखवतात. उत्पत्तीच्या हिशेबाने त्या 90 वर्षांच्या आणि इब्राहीम (अ.स.) 100 वर्षांचे होते. सूरह हिज्रमध्ये तर खुद्द इब्राहीम (अ.स.) हेही आश्चर्य व्यक्त करतात आणि निराश होऊ नका असे ऐकल्यावर उत्तर देतात की आपल्या रब्बच्या कृपेपासून मार्गभ्रष्टांखेरीज कोण निराश होईल. यातून एक नाजूक भेद स्पष्ट होतो. चकित होणे वेगळे आणि निराश होणे वेगळे. डॉक्टरांनी आशा सोडायला सांगितली असता मन हबकते, डोळ्यांत पाणी येते, तोंडून हाय निघते. यात ईमानाला बाधा नाही.

अरबी जाणणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. स्वतःला वांझ म्हणताना साराच्या तोंडी आलेला शब्द अकीम हा आहे. सूरह शूरामध्ये अल्लाहच्या चार वाटण्यांपैकी शेवटची सांगताना हाच शब्द आला आहे. लोक ज्या शब्दाचा दगड करून स्त्रीवर फेकतात, तो कुरआनमध्ये अल्लाहने ठरवलेल्या एका स्थितीचे नाव आहे, बाकीच्या तिघांच्या पंक्तीत बसलेले. ती स्थिती साराच्या बाबतीत बदलली. ती प्रत्येकीच्या बाबतीत बदलेल असे आश्वासन कुठेही दिलेले नाही, आणि मिंबरवरून ते कोणी देऊ नये. उम्मुल मोमिनीन हजरत आयशा (रजि.) यांना मूल झाले नाही. प्रेषित (सल्ल.) यांचे त्यांच्यावरील प्रेम, उम्मतवर असलेले त्यांच्या ज्ञानाचे ऋण, यांत त्यामुळे तसूभर फरक पडला नाही.

फरिश्त्यांनी साराला उत्तर दिले ते फार मायेचे आहे. त्यांनी विचारले की अल्लाहच्या निर्णयाचे आश्चर्य कसले, आणि या घरच्या माणसांवर अल्लाहची कृपा व बरकत असल्याचे सांगितले. संबोधन होते अहले-बैत, म्हणजे घरची माणसे. इसहाक अजून जन्माला यायचे होते. सारा अजून कोणाच्याही आई नव्हत्या. तरी त्या घरच्या होत्या, कृपेच्या आणि बरकतीच्या हक्कदार होत्या. त्या वाक्याचा शेवट अल्लाहच्या हमीद आणि मजीद या दोन नावांनी होतो. आपण नमाजमध्ये दुरूदे-इब्राहीम वाचतो, इब्राहीम (अ.स.) आणि त्यांच्या कुटुंबाचा उल्लेख करतो आणि याच दोन नावांवर थांबतो. पुढच्या वेळी तिथे पोहोचाल तेव्हा सारा यांचेही स्मरण ठेवा.

इसहाक (अ.स.) जन्मले. त्यांचे पुत्र याकूब (अ.स.), नातू यूसुफ (अ.स.), आणि याच वंशात पुढे मूसा, दाऊद, सुलैमान, जकरिया, यह्या आणि ईसा (अलैहिमुस्सलाम). तिकडे मक्केच्या खोऱ्यात वाढलेल्या इस्माईल (अ.स.) यांच्या वंशात अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (सल्ल.). वार्धक्यात लाभलेल्या दोन्ही पुत्रांबद्दल इब्राहीम (अ.स.) यांनी मानलेले आभार त्यांच्याच नावाच्या सूरहमध्ये आहेत. त्यात इस्माईल आणि इसहाक ही दोन्ही नावे एकाच दमात येतात.

सारा यांना मातृत्वाची 37 वर्षे मिळाली असे उत्पत्तीच्या आकड्यांवरून दिसते. वयाच्या 127 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इब्राहीम (अ.स.) यांनी शोक केला, स्थानिक लोकांकडून पूर्ण दाम देऊन एक जमीन विकत घेतली आणि तिथल्या गुहेत त्यांना दफन केले. मुसलमान त्या शहराला अल-खलील म्हणतात, इब्राहीम (अ.स.) यांच्या खलीलुल्लाह या उपाधीवरून. पॅलेस्टाईनमधील त्या जागी आज मस्जिदे-इब्राहीमी उभी आहे.

पुढे इब्राहीम (अ.स.) यांचेही निधन झाले. त्याच ग्रंथात नोंद आहे की त्यांना दफन करायला इसहाक आणि इस्माईल दोघे भाऊ मिळून आले, आणि सारा यांना ठेवलेल्या त्याच गुहेत दोघांनी वडिलांना ठेवले.